निंबार्ते मॅडम आणि न थांबणारा ड्राफ्ट

निंबार्ते मॅडमनी माझ्यावर पहिला संशय घेतला तो मी भंडाऱ्याच्या शाखेत रुजू झालो त्याच सकाळी. मी बदलीचं पत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं, उलटं करून मागची बाजू पाहिली आणि मला म्हणाल्या, "बसा." मग माझ्या देखत माझ्या जुन्या शाखेला फोन लावला. "तुमच्याकडून रोखपाल म्हनून एक मानूस आला आहे. हाव. उंच आहे. डाव्या कानाजवळ तीळ आहे. तुमचाच आहे ना?" तिकडून होकार आल्यावर त्यांनी हजेरीचं रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. "राग नोका मानू जी. पत्र कोनीबी टाइप करते."

मी राग मानला. महिनाभर मानला. नंतर कळलं की यात माझं असं खास काही नव्हतं. मॅडम एसटीच्या कंडक्टरने दिलेलं तिकीट वाचत, भाजीवालीच्या तराजूचं रिकामं पारडं आधी बघत, आणि शाखेत कुणी नवं कॅलेंडर टांगलं तर एकादशी बरोबर छापली आहे का ते जुन्याशी ताडून पाहत. ग्राहकाचा चहा त्या घेत नसत. समोर कुणी उभं असताना सही करत नसत. "मांगं सरका," म्हणत, आणि तो माणूस दोन पावलं मागे गेल्यावरच पेन उघडत. त्यांची सहीही तशीच होती. साधं आडनाव, पण शेवटच्या अक्षराला खाली ओढलेली एक शेपटी आणि त्या शेपटीला उलटा आकडा. तसा आकडा मारायचा मी घरी कित्येकदा प्रयत्न केला. जमला नाही.

शाखेत त्या चेक पास करणाऱ्या अधिकारी होत्या. हजारो चेक त्यांच्या हाताखालून गेले असतील. पण त्यांचा खरा जीव होता तो थांबवलेल्या चेकांमध्ये. कुणी 'पेमेंट थांबवा' असा अर्ज घेऊन आलं की मॅडम आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत आणि अर्जावर वेळ लिहीत, मिनिटासकट. "अर्ज आगोदर आला का चेक आगोदर पास झाला, उद्या कोर्टात हेच विचारते," असं त्यांचं म्हणणं. आणि वर एक समज द्यायच्या. "चेक थांबते, देनं नाही थांबत. समोरच्याचे पैसे खरंच लागत असंन तं तो केस टाकू शकते. मंग माह्याकडे येऊ नोका."

एकदा लाखनीकडच्या एका गुरुजींची बायको धापा टाकत शाखेत आली. नवरा-बायकोचं जोडखातं होतं. गुरुजींनी नागपूरच्या कुठल्याशा प्लॉटवाल्याला चेक देऊन टाकला होता आणि तो चेक वटायच्या आत तिला थांबवायचा होता.

"माही एकटीची सही चालते का, मॅडम?" तिने भीत भीत विचारलं.

"थांबवाले चालते," मॅडम म्हणाल्या आणि घड्याळ बघितलं.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले. लाल झाले होते. "माह्या चेकवर माही सही, आन् तुमी बायकोच्या सांगन्यावरून थांबवता? आत्ताच्या आत्ता सोडा तो."

"सोडतो ना. फॉर्म घ्या. खाली दोघायच्या सह्या पायजे."

"थांबवाले एक सही अन् सोडाले दोन? हा कोनता कायदा?"

"घरचाच आहे जी," मॅडम म्हणाल्या. "भांडन एकटा करू शकते. समझोत्याले दोघं लागते."

गुरुजी तरातरा निघून गेले. पुढच्या दिवाळीच्या आधी नवरा-बायको दोघंही पेढ्यांचा डबा घेऊन आले. मॅडमनी डब्याला हात लावायच्या आधी विचारलं, "कायचे पेढे?" गुरुजी मान खाली घालून म्हणाले, "प्लॉटवाल्याच्या ऑफिसले कुलूप लागलं, मॅडम. आमच्या गावचे चार जन फसले." पेढे आम्ही सगळ्यांनी खाल्ले. मॅडमनी एक घेतला, मोडला, आत बघितलं आणि मग खाल्ला.

हे असं सांगितलं की त्या गमतीच्या वाटतात. त्या तशा नव्हत्या. हटवारचं प्रकरण झालं तेव्हा शाखेत कुणालाच हसू येत नव्हतं.

हटवार आमच्याकडे ड्राफ्ट काढायचं काम करायचा. कोऱ्या ड्राफ्टचे कागद म्हणजे बँकेच्या कोऱ्या सह्याच. रोज संध्याकाळी ते मोजून, रजिस्टरमध्ये लिहून तिजोरीत जायचे. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी एक कागद कमी भरला. सगळी शाखा पालथी घातली, मिळाला नाही. त्या दिवशी हटवार दोनदा न सांगता बाहेर गेला होता. मॅडमनी ते पाहिलं होतं. त्यांनी त्याला एक शब्द विचारला नाही. सरळ लेखी अहवाल दिला. चौकशी लागली आणि आठवड्याभरात हटवारची गोंदियाच्या पलीकडच्या एका लहान शाखेत बदली झाली. त्याला निरोप द्यायला दारापर्यंत कुणी गेलं नाही. मीही नाही.

पुढच्या पंधरवड्यात नागपूरच्या एका कॉलेजातून पाकीट आलं. एका पोराच्या फीचा ड्राफ्ट त्यांना मिळाला होता आणि त्याच्या पाठीला दमटपणाने चिकटलेला दुसरा कोरा कागदही. 'हा आमच्या कामाचा नसल्याने परत पाठवत आहोत,' असं त्यांनी कळवलं होतं. मॅडमनी ते पत्र दोनदा वाचलं. मग मला म्हणाल्या, "रविवारी मोकळे आहा का? माह्यासोबत चला."

आम्ही गेलो. हटवारने भाड्याची एक खोली घेतली होती. त्याच्या बायकोने पाणी दिलं. ती इतकी वाळली होती की तिच्या हातातला तांब्या जड वाटत होता. तेव्हा कळलं की त्या दिवशी ती सरकारी दवाखान्यात होती आणि हटवार दोनदा तिच्याकडेच गेला होता.

मॅडम उभ्याच राहिल्या. "माही चूक झाली," त्या म्हणाल्या. "मी तसं लिहून देल्लं आहे. वरतं पाठवलं आहे."

हटवारने बायकोच्या हातातला तांब्या घेऊन खाली ठेवला. मग म्हणाला, "शंका आली ते ठीक आहे, मॅडम. ते तुमचं कामच होय. पन मले एक डाव विचाराले तं पायजे होतं."

परतीच्या गाडीत मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर धानाची बांधी पाण्याने भरलेली होती आणि बायका रोवणीला वाकल्या होत्या. तुमसर रोड गेल्यावर त्या एकदम बोलल्या. "बसल्या जागी घेतली का शंकेची चुगली होते. शंका आली का उठाव, जाव, विचाराव." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मला वाटतं, त्या माझ्याशी बोलतही नव्हत्या.

त्यानंतर त्यांचा संशय कमी झाला नाही. फक्त त्याला पाय फुटले.

आता गोपालसेठची गोष्ट. गोपालसेठ धानाचे व्यापारी, आमच्या शाखेतले मोठे ठेवीदार. आले की मॅनेजर साहेब खुर्चीतून उठत. साहेब पुण्याकडचे, वयाने लहान, हुशार, आणि ठेवी वाढवायच्या ताणाखाली वाकलेले. जानेवारीत गोपालसेठनी आंबागडच्या भागरताबाई सार्वे या बाईच्या नावाने एक ड्राफ्ट काढला होता. डोंगराखालची तिची जमीन ते घेत होते. ड्राफ्टवर सही निंबार्ते मॅडमची होती.

मार्च सरत आला तेव्हा सेठ अर्ज घेऊन आले. ड्राफ्ट हरवला, पेमेंट थांबवा, रद्द करा आणि पैसे खात्यात परत टाका. सोबत पोलिसांकडची हरवल्याची नोंद होती, स्टॅम्प पेपरवर हमीपत्र होतं. सगळं कसं व्यवस्थित.

मॅडमनी घड्याळ पाहून वेळ लिहिली. "कोनापासून हरवला?"

"माह्यापासूनच. गाडीतून उतरताना खिशातून पडला असंन."

"म्हंजे बाईले देल्लाच नव्हता?"

"नाही ना. खरेदी व्हायचीच आहे अजून. सौदा मोडला समजा."

मॅडमनी हमीपत्र खिडकीच्या उजेडात धरलं. मागच्या बाजूला स्टॅम्प विकणाऱ्याचा शिक्का होता. "ड्राफ्ट हरवला सोमवारी. अन् त्याच्यासाठी स्टॅम्प पेपर घेतला त्याच्या आगोदरच्या गुरुवारी. हरवनार हे तुमाले मालूम होतं का, सेठ?"

सेठ हसले. "घरी पडला होता दुसऱ्या कामाचा. तोच वापरला. कागद वाया कायले घालवाचा?"

उत्तर बरोबर होतं. तसं होऊ शकतं. पण मॅडमनी कागद गोळा करून फाइलीत घातले आणि म्हणाल्या, "सोमवारी सांगतो."

सेठ उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेले. पाच मिनिटांत मॅडमना आत बोलावणं आलं. दार उघडंच होतं, माझ्या कॅशच्या पिंजऱ्यातून सगळं ऐकू येत होतं.

"मॅडम, पोलिसांची नोंद आहे, हमीपत्र आहे. आपण पूर्ण सुरक्षित आहोत. उगाच अडवू नका."

"आपन सुरक्षित आहो, साहेब. ते बाई आहे का?" मॅडम म्हणाल्या. "चेक असता तं मी आत्ता थांबवला असता. चेक म्हंजे सेठचा शब्द होय, त्याहिनं देल्ला, त्याहिनं मांगं घेतला. ड्राफ्ट बँकेचा शब्द आहे, अन् तो त्या बाईले देल्ला आहे. सेठले वाटलं म्हनून आपन तो नाही मोडू शकत."

"हरवला असेल तर थांबवता येतो की."

"हरवला असंन तं. तेच मी म्हनून राहिली."

मला तेव्हा माझ्या पहिल्या मॅनेजरांनी सांगितलेली गोष्ट आठवली. जुन्या काळी बँक ग्राहकाच्याच चेकवर शिक्का मारून द्यायची की हा नक्की वटेल. मग तो चेक ग्राहकाचा उरत नसे, थांबवता येत नसे. ती पद्धत गेली, तिच्या जागी ड्राफ्ट आणि बँकर्स चेक आले, पण मुद्दा तोच राहिला. ज्याच्यावर बँकेने सही केली, ते घेणाऱ्याचं झालं.

साहेब शेवटी म्हणाले, "सोमवारपर्यंत. त्यापुढे नाही."

मधला शनिवार चौथा होता, बँकेला सुट्टी. सकाळी मॅडम स्टँडवर उभ्या होत्या, मीही. तुमसरपर्यंत एसटी आणि पुढे ऑटो करून आम्ही आंबागडला पोचलो. भागरताबाईचं घर विचारत गेलो. मातीचं, कौलारू, गावाच्या टोकाला. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती आणि त्यांचा गोड, जड वास सगळीकडे भरला होता. साठीपुढची एक बाई फुलांतला काडीकचरा निवडत बसली होती.

"भागरताबाई तुमीच का जी?" मॅडमनी विचारलं.

"कोन पायजे तुमाले?"

"मी भंडाऱ्याच्या बँकेतून आलो. तुमच्यापाशी एक बँकेचा कागद आहे का, ते विचाराले."

बाईने आमच्याकडे वर मान करून पाहिलं. आधी मॅडमकडे, मग माझ्याकडे, मग माझ्या चपलांकडे. "कोनता कागद? माह्यापाशी कायी नाही. सेठनं धाडलं का तुमाले?"

"नाही. आमी आमच्या मनानं आलो."

"आपल्या मनानं कोन येते एवढ्या उनात?"

मॅडमनी पर्समधून ओळखपत्र काढून दाखवलं. बाईने ते हातात घेतलं, फोटो पाहिला, उलटं केलं, मागची बाजू पाहिली. "फोटो तं कोनीबी चिकटवते."

तेव्हा निंबार्ते मॅडम हसल्या. चांगल्या मोठ्याने, तोंडाला पदर लावून. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना तेवढं एकदाच पाहिलं. त्या तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि पर्समधला एक कोरा कागद काढून त्यावर आपली सही केली.

"हे माही सही आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्यापाशी कागद असंन तं मले दाखवू नोका. आतमंधी जा, अन् त्याच्यावर अशीच सही आहे का पाहून या. मी इथंच बसतो."

भागरताबाई कागद घेऊन आत गेली. आतून कडी लावल्याचा आवाज आला. आम्ही बसून राहिलो. एक कोंबडी मोहफुलांत शिरली तिला मॅडमनी हाकललं. बराच वेळ गेला. मला वाटलं, बाई आता बाहेर येतच नाही.

ती आली. उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "अक्षर मले येत नाही. पन शेपूट तसंच आहे. त्याच्यातला आकडाबी तसाच."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. मग विचारलं, "जमिनीची अंगठा-सही झाली का?"

"पुसाच्या महिन्यात झाली ना. तुमसरले. सेठनं तवाच देल्ला कागद. म्हने, बाई, आत्ता बँकेत टाकशील तं पैसे कच्चे मिळते. तीन महिने राहू दे, पिकू दे."

ड्राफ्टची मुदतच तीन महिन्यांची असते. ती सरायला आठ दिवस उरले होते. त्यानंतर तो कुठल्याही खिडकीवर घेतला गेला नसता, आणि तोवर इकडे 'हरवलेला' म्हणून रद्द होऊन पैसे सेठच्या खात्यात गेलेले असते. जमीन तर गेलीच होती.

"कोनी सांगतलं नाही तुमाले, लवकर टाका म्हनून?"

"पुतन्या सांगे रोज. टाक काकी, टाक काकी. त्याच्यावर कोन भरोसा ठेवते? मले वाटे, याचाच डोळा आहे त्याच्यावर."

पुतण्या नेमका तेव्हाच सायकल टेकवून आत येत होता. त्याने ते ऐकलं. तो खाली बघत उभा राहिला. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं आणि मग बाईकडे वळून, जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "तो खरं सांगत होता जी. मीबी एकदा एकाले असंच समजली होती. लय महाग पडलं त्याले."

आम्ही उठलो तेव्हा बाई आतून ड्राफ्ट घेऊन आली. फडक्यात गुंडाळलेला. तो मॅडमच्या पुढे धरून म्हणाली, "मंग न्या ना तुमीच. तुमचीच सही आहे."

"माह्या हातात देऊ नोका," मॅडम दोन पावलं मागे सरल्या. "कोनाच्याच हातात देऊ नोका. सोमवारी पुतन्याले घेऊन तुमसरच्या बँकेत जा, जिथं तुमचं खातं आहे. खिडकीवर द्या. शिक्का मारलेली पावती घ्या. शिक्का पाहून घ्या, उमटला आहे का."

सोमवारी तो जमा झाला. आमच्याकडे आला तेव्हा मॅडमनी स्क्रीनवर स्वतःची सही पाहिली आणि पास केला. दुपारी सेठ आले. मॅडमनी त्यांचे सगळे कागद परत केले. "तुमचा ड्राफ्ट सापडला, सेठ. ज्याच्यापाशी असाले पायजे होता त्याच्याचपाशी."

सेठनी कागद उचलले आणि निघाले. खरेदी झालेलीच नाही असं जिथं सांगितलं, तिथं बोलणार काय? पण पुढच्या महिन्यात त्यांच्या ठेवी दुसऱ्या बँकेत गेल्या आणि वर तक्रार गेली की या अधिकाऱ्याने ग्राहकाचा व्यवहार तिऱ्हाइताच्या घरी जाऊन उघड केला. खुलासा मागवणारं पत्र आलं. मॅडमनी दोन ओळींचं उत्तर दिलं. आपण कुणाचाही व्यवहार सांगितला नाही, स्वतःची सही तेवढी दाखवली.

मी म्हटलं, "मॅडम, बाईचं लेखी घ्या. वरपर्यंत लढू आपण."

"कायले? नियम त्याहिचा बरोबर आहे. गिऱ्हाइकाची गोष्ट बँकेच्या बाहेर नाही गेली पायजे. मी काठावरून गेली." मग थोडं थांबून म्हणाल्या, "त्या पोराले त्याच्या काकीनं काय दिलं, मालूम आहे? काही नाही. पन आता पासबुक त्याच्या हातानं भरून आनते म्हने."

प्रशासकीय कारण लिहून त्यांची बदली नागपूर रस्त्यावरच्या शहापूरच्या शाखेत झाली. निवृत्तीला वर्ष-सव्वा वर्ष उरलं होतं. जाताना शाखेने शाल आणि नारळ दिला. साहेबांनी भाषण केलं, बरं केलं. केबिनचं दार लावून ते त्यांच्याशी एकटेही बोलले. काय बोलले ते मॅडमनी सांगितलं नाही आणि साहेबांनीही. पण त्यानंतर साहेब कुठलाही हरवल्याचा अर्ज आला की आधी घेणाऱ्याला पत्र पाठवायला लावत.

त्यानंतर मॅडमची आणि माझी गाठ क्वचितच पडली. निवृत्तीनंतर त्या शहापूरलाच बहिणीजवळ राहत होत्या असं कळलं. एकदा मी नागपूरला चाललो होतो. वैशाखातली दुपार होती. गाडी जलद, शहापूरला न थांबणारी. पण पुढे एक ट्रक आडवा झाला म्हणून हायवेवर मिनिटभर उभी राहिली. रस्त्याच्या पलीकडे, टपरीच्या सावलीत मॅडम उभ्या होत्या. केस पार पांढरे झाले होते. अंगाने निम्म्या झाल्या होत्या. मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि हलवला.

त्यांनी पाहिलं. हात वर केला नाही. कोण हा माणूस, मला कशाला हात करतो, हे त्यांच्या चेहऱ्यावर एवढ्या लांबूनही वाचता येत होतं. मी हाक मारली, पण ट्रकच्या हॉर्नमध्ये ती बुडाली. आमची गाडी हलली. मी मान वळवून बघत राहिलो. मॅडम सावली सोडून उन्हात आल्या होत्या, डोळ्यांवर हात धरून, आणि रस्त्याच्या कडेपर्यंत चालत येत होत्या, कोण होतं ते पाहायला.